अंगणातील शिक्षणसाहित्य : बोर्डी ते कुमठे

बालशिक्षणाच्या साधनांविषयी एका कापडव्यापाऱ्याने लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु या विषयाकडे मी वळलो तो माझ्याच एका चुकीमुळे.

काही वर्षांपूर्वी एका बालवाडीस मी रंगीत प्लॅस्टिकच्या शैक्षणिक खेळण्यांचा महागडा संच भेट दिला. छोटासा समारंभ झाला, छायाचित्रे निघाली. वर्षभराने सहज डोकावलो, तर संच कुलूपबंद कपाटात, वेष्टनासह जसाच्या तसा! "मुलं मोडतील हो काका," असे बाई म्हणाल्या. आमच्या धंद्यात अशा मालास 'डेड स्टॉक' म्हणतात. दोष त्यांचा एकट्यांचा नव्हता. देणगी दिली की आपले काम संपले, असे मीही मानले होते. त्यानंतर या विषयाचा इतिहास मी वाचावयास घेतला.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथील एका गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. लाकडी दट्टे, चढत्या आकाराचे ठोकळे, खरकागदाची अक्षरे अशी साधने त्यांनी तयार केली. मूल हाताने शिकते, हा त्यामागील विचार होता. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. पुढे ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

खरी कसोटी लागली ती १९४५ मध्ये, ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी काम सुरू केले तेव्हा. त्यांच्या सोबतीस अनुताई वाघ होत्या. तेथील गरीब मुलांना शास्त्रशुद्ध माँटेसरी संच परवडणे अशक्यच होते. तेव्हा या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती हेच साहित्य मानले. मोजणे, लहानमोठे ओळखणे, रंग लावणे, हे सारे त्यातून साधता येत होते. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून 'अंगणवाडी' जन्मास आली. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये विस्तारले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांसही हेच नाव मिळाले.

हा विचार आपल्या परिसरातही रुजला. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन विदुषींनी १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. या शाळेचे काम पाहून, सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या शिक्षकांनी शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा परिषदेच्या सुमारे ४० शाळांचे रूप पालटले. तेथील मुले बालवाडीच्या मुलांपेक्षा थोडी मोठी, पण तत्त्व तेच. वर्गाची फरशीच फळा झाली. तीवर अंकांच्या व शब्दांच्या चौकटी रंगविल्या गेल्या. खडे, मणी, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मुलांच्या हाती आले. महाराष्ट्रातील असंख्य शिक्षक हे काम पाहण्यास तेथे आले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा या वयास औपचारिक शिक्षणाच्या पायात स्थान दिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, कोडी व चित्रपत्त्यांचा 'जादुई पिटारा' प्रसिद्ध केला. स्वागतार्हच आहे. परंतु पिटारा उघडला तरच जादुई, नाहीतर तोही कपाटातील डेड स्टॉक!

आता मी दुकानातील कटपीस वाया जाऊ देत नाही. सुती, लोकरी, मखमल, तरट यांचे सारख्या आकाराचे दोन-दोन तुकडे करून बालवाडीस देतो. डोळे मिटून, नुसत्या स्पर्शाने मुले जोड्या लावतात. तुकडा मळला वा फाटला, तर दुसरा देता येतो. त्यामुळे कुलुपाची गरज भासत नाही. लहानग्यांच्या तोंडात जाईल अशी बटणे वा मणी मात्र त्यांत टाकत नाही.

समाजबांधवांस नम्र विनंती एवढीच, की बालवाडीस काही द्यावयाचे झाल्यास आधी बाईंशी बोलावे, काय हवे ते विचारावे आणि वर्षभराने पुन्हा जाऊन पाहावे. दिलेली वस्तू झिजलेली दिसली, तर समजावे की आपले दान मुलांच्या हाती पोहोचले.