फ्लीट तुरुंगाभोवतीची बिनपरवाना लग्ने

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमधील लग्नांचा मोठा वाटा चर्चमध्ये नव्हे, तर फ्लीट या कर्जदारांच्या तुरुंगाभोवतीच्या गल्ल्यांत, दारूच्या गुत्त्यांवरील खोल्यांत लागत असे, आणि कोणताही परवाना नसताना लागलेली ही लग्ने कायद्याच्या दृष्टीने खरी मानली जात.

इंग्लंडच्या चर्चने विवाहाला दोन वाटा ठेवल्या होत्या. एक ‘बॅन्स’ची, म्हणजे वधूवरांची नावे त्यांच्या पॅरिशच्या, अर्थात चर्चच्या हद्दीतील वस्तीच्या, चर्चमध्ये तीन रविवार जाहीर वाचून हरकती मागवण्याची, दुसरी ‘लायसन्स’ची, म्हणजे बिशपच्या कचेरीत शपथ घेऊन व शुल्क भरून या जाहीर वाचनातून सूट मिळवण्याची. यांपैकी काहीही न करता पाद्र्याने लग्न लावले, तर पाद्री दोषी ठरे. लग्न मात्र नियमबाह्य असूनही रद्द होत नसे. भारतातील १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचे आठवे कलम नोंदणीबद्दल याच जातीचा भेद करते : विधी झाला असेल, तर केवळ नोंद नसल्याने विवाहाच्या वैधतेला बाधा येत नाही. हा भेद कागदावर सुज्ञपणाचा असला, तरी लंडनमध्ये त्याच्या फटीतून एक अख्खा धंदा उभा राहिला.

पाद्र्याला शिक्षेचा धाक वाटावा, यासाठी त्याच्याकडे गमावण्याजोगे काहीतरी असावे लागते. कर्जापायी फ्लीटमध्ये येऊन पडलेल्या पाद्र्याकडे ना चर्चचे पद होते, ना दंड भरायला पैसा; बिशपने त्याचे आणखी काय वाकडे करावे? सुरुवातीला ही लग्ने तुरुंगातल्या प्रार्थनागृहातच लागत. १७११च्या कायद्याने तशी मुभा देणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्यांवर दंड बसवला, तेव्हा धंदा बंद पडण्याऐवजी ‘रूल्स’मध्ये, म्हणजे जामीन दिलेल्या कैद्यांना राहण्याची परवानगी असलेल्या तुरुंगाबाहेरच्या टापूत, सरकला आणि तिथे अधिकच फोफावला.

तेथील गुत्त्यांवर एकमेकांत गुंफलेल्या स्त्रीपुरुषांच्या हातांचे चित्र असलेल्या पाट्या लटकत. दारात उभे राहणारे दलाल येणाऱ्याजाणाऱ्या जोडप्यांना ‘पाद्री हवा का?’ म्हणून विचारत. सुट्टीवर आलेले खलाशी, उमेदवारीच्या करारामुळे लग्नाची बंदी असलेले कारागीर, आईबापांची संमती नसलेली मुले असे सर्वच तिकडे वळत. विवाहित स्त्रीच्या कर्जाची जबाबदारी नवऱ्यावर येत असल्यामुळे कर्जबाजारी बायकांसाठी भाडोत्री नवरेही मिळत. पाद्री आणि गुत्तेवाले नोंदवह्या ठेवत, पण तिथेही सौदा चाले : थोडे जास्त पैसे दिले की मागची तारीख पडे, कारण आधी जन्मलेल्या मुलाला औरस ठरवायचे असे, किंवा नावाच्या जागी नुसती आद्याक्षरे लिहिली जात. यांतील गेनम नावाच्या पाद्र्याला लोकांनी ‘नरकाचा बिशप’ अशी पदवीच बहाल केली होती.

हा प्रकार थांबला, तो गरिबांच्या फसवणुकीपेक्षा श्रीमंतांच्या भीतीने. एखाद्या गुत्त्यातील पंधरा मिनिटांत वारसदार मुलीची सारी मालमत्ता भलत्याच्या हाती जाऊ शकते, ही गोष्ट संसदेतील जमीनदार घराण्यांना असह्य झाली. लॉर्ड चान्सेलर हार्डविक यांच्या १७५३च्या कायद्याने बॅन्स किंवा परवान्याशिवाय लागलेले लग्न सरळ रद्दबातल ठरवले, आणि तसे जाणूनबुजून लावणाऱ्या पाद्र्याला १४ वर्षे हद्दपारीची शिक्षा ठेवली. क्वेकर व ज्यू यांना त्यातून वगळले गेले. कॅथलिकांना मात्र परक्या पंथाच्या चर्चमध्येच लग्न लावणे भाग पडले, आणि ही सक्ती १८३६च्या कायद्यापर्यंत टिकली. विधेयकाला कडाडून विरोध करणारे हेन्री फॉक्स यांनी स्वतः १७४४मध्ये एका ड्यूकच्या मुलीशी पळून जाऊन लग्न केले होते, हे त्यांच्या विरोधकांनी विसरणे कठीणच होते.

कायदा २५ मार्च १७५४ला लागू व्हायचा होता. त्याच्या आदल्या दिवशी फ्लीटच्या एकाच नोंदवहीत २१७ लग्नांची नोंद झाली. पुढे सॅव्हॉय चॅपेलच्या विल्किन्सन नावाच्या पाद्र्याने स्वतःच्याच अधिकारात परवाने देऊन लग्ने लावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. ज्यांना घाई होती, ते स्कॉटलंडच्या सीमेवरील ग्रेटना ग्रीनकडे वळले, कारण हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता आणि तिथे साक्षीदारांसमोर परस्परांना पतीपत्नी म्हटले तरी पुरत असे.

फ्लीटच्या नोंदवह्या ब्रिटिश सरकारने १८२१मध्ये विकत घेतल्या, आणि १८४०च्या कायद्याने त्या न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरू नयेत असे ठरले. आज त्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांची पाने उलटतात ती पूर्वजांची नावे शोधणारी माणसे.