यार्डाच्या शेजारचे घर

मुकुंदनगर, महर्षीनगर, सॅलिसबरी पार्क, पलीकडे बिबवेवाडी. पुण्याच्या या भागात नवे बिऱ्हाड आले, की आठवड्याच्या आत विचारणा होते: इथे बाजार कुठे करायचा? गुलमोहराच्या आणि पर्जन्यवृक्षांच्या सावलीतल्या या गल्ल्यांत कोपऱ्यावर वाणी आहे, सकाळी भाजीची हातगाडी येते, मोठी दुकाने आहेत, आणि आता तर मोबाईलवर बोट टेकवले की दहा मिनिटांत कोथिंबीर दारात हजर होते. माझे उत्तर मात्र ठरलेले असते. घ्या कुठूनही, पण आधी गुलटेकडीचे मार्केट यार्ड, म्हणजे शेतमालाचा घाऊक बाजार, समजून घ्या. हातगाडीवरची मेथी, वाण्याकडची तूरडाळ, दाराच्या कडीला अडकवलेल्या पुडीतली शेवंती, यातले बरेचसे पहाटे त्याच आवारातून निघालेले असते.

हे मी माझ्या अक्कलहुशारीने सांगत नाही. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, नाना पेठेतल्या एका भुसार पेढीवर दिवाणजी होते. पेढी गुलटेकडीला आली तसे तेही आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच खतावणी लिहीत राहिले. यार्डाबद्दल त्यांचे एक वाक्य आम्हा मुलांना पाठ होते: "बाजार शेतकऱ्याचा आहे, आपण पाहुणे. पाहुण्याने वेळ बघून जावे."

शेतकऱ्याचा बाजार म्हणजे काय, हे कळण्यासाठी त्यांच्या तरुणपणातल्या गोष्टी ऐकायला हव्यात. तेव्हा धान्याचा घाऊक व्यापार नाना पेठेत आणि भवानी पेठेत होता. बैलगाड्या रात्रीच येऊन लागायच्या. सकाळी सौदा व्हायचा तो रुमालाखाली. दलालाचा आणि खरेदीदाराचा हात एका कापडाखाली, बोटे दाबून भाव ठरायचा, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत राहायचा. भाव कळायचा तो शेवटी हिशेबाची पट्टी हातात पडल्यावर. पट्टीत आडत, हमाली, तोलाई, शिवाय कडता, नमुन्याच्या मुठी, धर्मादाय. आबा म्हणायचे, नमुन्याची एक मूठ काही नसते, पण दिवसभर पेढीवर पडलेल्या मुठी संध्याकाळी झाडून गोळा केल्या की त्याचे पोते व्हायचे. त्यांनी ते पोते स्वतः वहीत चढवलेले होते.

याला आळा घालायला मुंबई प्रांतात १९३९ साली शेतमाल बाजाराचा कायदा झाला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ साली नवा कायदा आला. उघड लिलाव, प्रमाणित काटा, परवानाधारक आडते, सगळ्यांवर देखरेख करणारी बाजार समिती, ही त्याची चौकट. गुलटेकडीचे आवार या चौकटीसाठी उभे राहिले. पेठेतल्या अरुंद रस्त्यांत ट्रक शिरेनात, हेही कारण होतेच. पण आबांच्या लेखी खरे कारण काटा हे होते. पेठेत प्रत्येक पेढीचा काटा निराळा आणि त्यावर नजर ठेवणारे कोणी नाही. इथे एका आवारात सगळे आले म्हणजे लबाडी अवघड होते. लबाडी संपली असे ते कधी म्हणाले नाहीत. अवघड झाली एवढेच म्हणायचे, आणि तेवढ्याचाही त्यांना अभिमान होता.

भाजीपाल्याची वाट वेगळी होती. ती शहरातल्या मंडईतून आली. मंडईची आठ पाखांची दगडी इमारत १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली गेली. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि या मंडईवर एवढा पैसा ओतायला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर खर्च करावा, हे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. आजीला ही गोष्ट फार आवडायची. शेतकऱ्याच्या घामाचा हिशेब मागणाऱ्या माणसाचे नाव भाजीबाजाराला शोभते, असे ती म्हणायची, आणि मलाही ते पटते. घाऊक भाजी आणि फळे गुलटेकडीला गेल्यावर मंडईत किरकोळ विक्री राहिली. आजीची मंडईतली माळीण मात्र पुढेही तीच राहिली. तिच्याकडची वांगी यार्डातून येतात हे माहीत असूनही.

आमचे घर यार्डाच्या शेजारी आले ते पुरामुळे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याला खिंडार पडले, आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली होत्या. नारायण पेठेतले आमचे तळमजल्याचे बिऱ्हाड त्यात गेले. आजी दागिन्यांबद्दल कधी बोलली नाही, धान्याबद्दल बोलायची. मे महिन्यात वर्षाचे भरून झाले होते. गहू ऊन देऊन, एरंडेल चोळून कोठीत घातलेला, तूरडाळ, आंबेमोहोर, मिरच्या, हळकुंडे, चिंच. पाणी ओसरल्यावर परत आली तेव्हा कोठीचे झाकण डाळीनेच वर उचलले होते, इतकी ती फुगली होती. चार दिवसांनी गव्हाला मोड आले आणि घरात जो वास भरला, तो तिला शेवटपर्यंत आठवायचा. पुरानंतर शहराच्या दक्षिणेला वस्त्या वाढत गेल्या. सहकारनगर, पर्वती दर्शन अशा वसाहतींत कितीतरी पूरग्रस्तांनी पुन्हा संसार मांडले. आमचे लोक आधी नातेवाइकांकडे आणि मग मुकुंदनगरला आले. घर दुमजली होते, आणि आजीने धान्याच्या कोठ्या वरच्या मजल्यावर चढवल्या. स्वयंपाकघर खाली, धान्य वर. माझी आई सून म्हणून आली तेव्हा रोज जिन्यावरून पायलीभर गहू उतरवताना तिला कारण विचारायचे सुचले नाही. पुराची गोष्ट ऐकल्यावर मात्र तिनेही कोठ्या कधी हलवल्या नाहीत.

वर्षाचे धान्य भरणे ही या भागातली मोठी खरेदी, आणि ती भुसार विभागातच करावी. मिरची मार्च-एप्रिलमध्ये घ्यायची, ऊन कडक असताना: रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी. त्या ओळीतून जाताना नाकाला पदर लावावा लागतो. तांदूळ मावळ-मुळशीचा आंबेमोहोर किंवा इंद्रायणी, पण भातासाठी जुना आणि मऊ पेजेसाठी नवा. गूळ पिवळाधमक दिसला की आबा हात मागे घ्यायचे. ढेप थोडी काळपट, कोर मोडल्यावर आत रवाळ, ती खरी. दिवाळीच्या तोंडावर पूना मर्चंट्स चेंबरचा लाडू-चिवडा निघतो. ना नफा ना तोटा या तत्त्वावर, हजारो घरांना दिवाळी गोड करून देणारा. रांग मोठी असते. उभे राहावे.

या सगळ्या खरेदीत एक माणूस असतो, ज्याच्याकडे गिऱ्हाइकाचे लक्ष सहसा जात नाही. आबांच्या काळी पोते क्विंटलभराचे असायचे. हमाल ते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचा, दिवसभर. पन्नाशीच्या आतच कंबर जायची, आणि काम गेले की हातात काही नाही. ना रजा, ना निवृत्तिवेतन, ना दवाखाना. पन्नासच्या दशकात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली. पेशाने डॉक्टर असलेल्या माणसाने दुखऱ्या पाठीवर औषध द्यावे तसे पोत्याच्या वजनावरही बोट ठेवावे, हे पेठेतल्या मालकांना नवीन होते. आबा मालकाच्या पगारावर होते, मोर्चात गेले नाहीत. पण संपाच्या दिवसांत ते पेढीवर बसायचे आणि मोकळ्या ओट्याकडे बघून म्हणायचे, आता कळेल बाजार कोणाच्या पाठीवर आहे. १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि हमालाला मंडळ मिळाले, नोंद मिळाली, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. हा कायदा महाराष्ट्राने देशाला दिलेली फार मोठी गोष्ट आहे, असे मी मनापासून मानते. पोते पन्नास किलोवर आणण्यासाठी तर पुढेही वर्षानुवर्षे झगडावे लागले.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या घरीही रेशनची लाल मिलो ज्वारी आली. भाकरी थापताना तुटायची, आजी त्यात उकडलेला बटाटा मिसळायची. त्यानंतर दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, हमाल पंचायतीने कष्टाची भाकर सुरू केली: राबणाऱ्या माणसाला परवडेल अशा दरात झुणका, भाजी, भाकरी. यार्डात गेलात आणि भूक लागली, तर तिथे बसून जेवावे. मी लहानपणी आबांचे बोट धरून जेवले आहे. गरम भाकरीवर तेल-चटणी, शेजारी पोती उतरवून आलेली माणसे, आणि आबांना सगळे दिवाणजी म्हणून हाक मारणारे.

भाजी-फळांचे शास्त्र मला आत्याने शिकवले. शनिवारी भाजी-फळ विभाग बंद, त्यामुळे रविवारी आवक सर्वांत मोठी. कोथिंबिरीच्या लाखाच्या वर जुड्या उतरतात. घरच्या गिऱ्हाइकाने पहाटे लिलावाच्या वेळी गाळ्यांमध्ये घुसू नये. टेम्पो मागे येत असतात, क्रेट उचललेला हमाल थांबू शकत नाही, आणि दहा किलोच्या भावात दोन वांगी मागणाऱ्या माणसाला उत्तर द्यायला आडत्याला सवड नसते. ऊन वर आल्यावर जावे. मोठा माल हवा असेल तर चार घरांनी मिळून घ्यावा. आत्या आणि तिच्या शेजारणी हापूसची पेटी, मटारचे पोते, लोणच्याच्या कैऱ्या अशाच वाटून घेत. आमच्या ओसरीवर तागडी टांगलेली असायची आणि पै-पैचा हिशेब व्हायचा. पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ, नारायणगावचा टोमॅटो, सातगाव पठारावरचा बटाटा, वाई-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सांगोल्याचे डाळिंब: तिला गावे तोंडपाठ होती. मार्चमध्ये कोकणच्या पेट्यांशेजारी कर्नाटकचा आंबाही हापूस म्हणून उभा राहतो. तो वाईट नसतो, पण भाव त्याचा द्यावा, रत्नागिरीचा नव्हे. म्हणून ती आधी गाव विचारायची आणि मग भाव.

एका दिवशी मात्र ती भावावरून घासाघीस करू द्यायची नाही: दसऱ्याच्या आदल्या दिवशी, फुलबाजारात. झेंडू एवढा येतो की कधी कधी दुपारनंतर त्याला कोणी विचारत नाही, आणि शेतकरी परतीचे भाडे परवडत नाही म्हणून ढीग तिथेच सोडून जातो. दारावरच्या तोरणासाठी पाच रुपये कमी करून घेण्याचा तो दिवस नव्हे.

२०१६ च्या जुलैत सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. आडत्यांनी बाजार बंद ठेवला, पण निर्णय टिकला. आबा असते तर पट्टीतली ती ओळ खोडलेली बघून त्यांना समाधान वाटले असते. मग २०२० च्या एप्रिल-मेमध्ये करोनाच्या साथीमुळे यार्डच काही आठवडे बंद झाले, आणि आमच्या गल्लीत पुरंदर तालुक्यातून एक शेतकरी भाजी घेऊन यायला लागला. सोसायटीच्या फाटकाशी पिशव्या मांडायचा. मटार इतका गोड की अजूनही आम्ही त्याच्याकडूनच घेतो. यार्ड उघडल्यावर मी त्याला म्हटले, आता तुम्हाला त्या गाळ्यावर जायची काय गरज, सगळे इथेच विका. तो हसला नाही. "तुमच्या सोसायटीत दोन पोती जातील, ताई," तो म्हणाला. "उरलेली वीस मी कुठे नेऊ?" त्याचा टेम्पो आजही आधी गुलटेकडीला जातो, लिलाव होतो, पट्टी होते, आणि आमच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या पिशव्या घेऊन तो साडेनवाच्या सुमाराला गल्लीत येतो.