मेन्यू नसलेलं जेवण: टोकियो ते सेवाग्राम

‘ओमाकासे’ या जपानी शब्दाचा सरळ अर्थ ‘तुमच्यावर सोपवलं’. सुशीच्या दुकानात हा शब्द उच्चारला की मेन्यूकार्ड संपतं. काय खायचं, कोणत्या क्रमानं, किती, हे सगळं काउंटरपलीकडचा शेफ ठरवणार. जिरो ओनो यांच्यावरचा २०११चा माहितीपट पाहिला असेल, तर आठवेल: दहा खुर्च्यांचं दुकान, आणि गिऱ्हाईक डावखुरा आहे हे दिसलं की म्हातारा शेफ पुढचा तुकडा त्याच्या सोयीच्या बाजूला ठेवतो. न बोलता, न विचारता.

कामानिमित्त टोकियोत असताना मीही अशा एका आठ खुर्च्यांच्या दुकानात जेवलो. सोयासॉसची वाटी मागायची गरज पडली नाही. शेफ प्रत्येक तुकड्यावर ब्रशनं हवा तेवढाच सॉस फिरवून समोर ठेवत होता. बिल आल्यावर मात्र डोक्यात वेगळाच हिशेब सुरू झाला. आमचं घर हिंगणघाट तालुक्यातलं, शेतात कपाशी, तूर आणि सोयाबीन. २०२४-२५चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे एका माणसाच्या त्या जेवणात आमचं जवळजवळ दोन क्विंटल सोयाबीन गेलं होतं.

गंमत म्हणजे सुशी मुळात श्रीमंतांचं खाणं नव्हतंच. आजची हातानं वळलेली सुशी १८२०च्या दशकात एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, लोकप्रिय झाली. तिचं श्रेय परंपरेनं हानाया योहेई या माणसाला देतात. तेव्हा फ्रिज नव्हते. म्हणून जवळच्या खाडीतले मासे मिठात, व्हिनेगरमध्ये किंवा सोयासॉसमध्ये मुरवून व्हिनेगर लावलेल्या भातावर ठेवायचे. रस्त्यावरच्या गाड्यावर उभ्या उभ्या दोनचार तुकडे खाऊन माणसं कामाला जायची. आपल्याकडच्या वडापावसारखंच. १९२३च्या मोठ्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झालं, तिथले कारागीर गावोगावी परतले आणि ही सुशी देशभर पसरली. गिऱ्हाइकानं हवं ते एकेक मागून खायची पद्धतही होतीच. ‘सोपवलं’ म्हणण्याची प्रतिष्ठा नंतर वाढली.

आता मेन्यू नसलेलं दुसरं जेवण. त्यासाठी वर्ध्याला यावं लागेल.

१९३५मध्ये गांधी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. जमनालाल बजाजांनी दिलेल्या या जागेत ग्रामोद्योग संघाचं काम चालायचं, आणि तिथला रसोडा म्हणजे एक प्रयोगशाळाच होती. स्वस्तात पोषण कसं मिळेल, याचा शोध सुरू होता. त्यात एक प्रयोग होता सोयाबीनचा. गांधींनी त्याबद्दल त्याच वर्षी ‘हरिजन’मध्ये लिहिलंही. विदर्भात सोयाबीनची लाट येण्याच्या कितीतरी आधी वर्ध्यातली माणसं ते पंगतीत बसून खात होती. आवडलं का, हे त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधी शेगावला आले. १९४०मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. आश्रमाच्या एकादश व्रतांत एक व्रत ‘अस्वाद’ होतं: जिभेसाठी नाही, शरीरासाठी खायचं. जून १९४२मध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर सेवाग्रामात राहिला. गांधी त्याला जवळ बसवून आपल्या पुढ्यातलं वाढत. रोजच्या त्याच त्या भाजीच्या लगद्याला तो कंटाळला, तेव्हा गांधींनी त्यात मीठ-लिंबू घालायला सुचवलं. यावर दोघांची थट्टामस्करीही झाली. ओमाकासेत सगळं चवीसाठी, इथे चवीलाच रजा. पण समोरच्या माणसाकडे बघून वाढणं दोन्हीकडे आहे.

आपल्याकडे मात्र ‘तुम्ही वाढाल ते खातो’ हे वाक्य कधीच साधं नव्हतं. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाशेजारी बसून, यावर इथे अख्खी समाजव्यवस्था उभी होती. आजी सांगायची, गावच्या लग्नात काही माणसांची पंगत वेगळी आणि शेवटी बसायची. उरलंसुरलं त्यांच्या पानात पडायचं. त्यांनीही सगळं दुसऱ्यावर सोपवलेलंच होतं की! याच वर्ध्यात जुलै १९२८मध्ये बजाजांनी आपलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुलं केलं. अस्वादाच्या त्याच अकरा व्रतांत अस्पृश्यता न पाळण्याचं व्रतही आहे. म्हणून सेवाग्रामच्या एकत्र जेवणाला आहारशास्त्रापलीकडचा अर्थ होता.

या जेवणात एक जपानी माणूसही होता. फुजी निचिदात्सू हे बौद्ध भिक्षू १९३३मध्ये वर्ध्याला येऊन गांधींना भेटले. त्यांच्या पंथाचा एक भिक्षू पुढे सेवाग्रामात आश्रमवासी होऊन राहिला. गांधी त्याला केशव म्हणत. डिसेंबर १९४१मध्ये जपान युद्धात उतरलं आणि इंग्रज सरकारनं त्याला पकडून नेलं. एका रात्रीत आश्रमातला माणूस ‘शत्रूराष्ट्राचा नागरिक’ झाला. जुलै १९४२मध्ये गांधींनी जपानी जनतेला उद्देशून खुलं पत्र लिहिलं. त्यात जपानच्या चीनवरच्या आक्रमणाबद्दल खडे बोल होते आणि या भिक्षूची आठवणही होती: त्याची शिस्त, त्याचा शांत स्वभाव, आणि तो मागे ठेवून गेलेली प्रार्थना व छोटा ढोल. त्या ढोलाच्या साथीनं आश्रमाची प्रार्थना सुरू होत राहिली. ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हे शब्द आजही सेवाग्रामच्या प्रार्थनेच्या सुरुवातीला ऐकू येतात.

मला यातून एक गोष्ट कळते. सोपवण्याला किंमत येते ती नाही म्हणता येत असेल तरच. टोकियोतल्या काउंटरवर मी उठून जाऊ शकत होतो. केशव आपणहून आला होता. फिशर चवीबद्दल कुरकुर करू शकत होता, आणि वाढणारा ती ऐकून घेत होता. शेवटच्या पंगतीतल्या माणसाला हे काहीच शक्य नव्हतं.

आणि बाबांनाही ते फारसं शक्य नसतं. सोयाबीन काढलं की ते गाडी भरून बाजार समितीत नेतात. व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो, ओलावा बघतो, भाव सांगतो. हमीभाव कागदावर असतो, पण परतीचं भाडं परवडत नाही आणि उधारीवाले थांबलेले असतात. मग बाबा म्हणतात, ‘लावा तुम्हाला वाटते तो भाव.’ शब्द जवळपास तेच आहेत, तुमच्यावर सोपवलं. फक्त त्याला ओमाकासे म्हणत नाहीत.