पाटीवर नसलेली नावं



संध्याकाळची मालिका संपते, पडद्यावर नावांची पाटी पळायला लागते आणि आपण उठतो. कुणी कुकर लावायला, कुणी लेकरांना हाक मारायला. रंगभूषा, कपडेपट, प्रकाश, ध्वनी, संकलन. त्यापुढची नावं वाचायला आपण थांबत नाही, आणि ती इतकी भरभर जातात की थांबलो तरी वाचून होत नाहीत. आज त्याच नावांबद्दल बोलायचं आहे. पाटीवर जी मावली नाहीत, किंवा मावूनही कुणी वाचली नाहीत, ती नावं माणसांनी कामाच्या पोटात कशी जपून ठेवली, त्याचा हा इतिहास.

नाव दडवणं आपल्याला काही नवं नाही. आपण उखाणा घेतो तेव्हा काय करतो? नवऱ्याचं नाव सरळ उच्चारायचं नाही, म्हणून ते यमकात गुंडाळून सांगतो. नाव झाकलेलं असतं आणि सगळ्यांना कळलेलंही असतं. ही युक्ती आपल्या भाषेत फार जुनी आहे. छापखाना नव्हता, पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हतं, तेव्हा आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात स्वतःचं नाव ओवलं. आपल्या शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईंनीही तेच केलं, आणि कधी कधी आपल्या नावाला जोडून नामदेवांचंही नाव घेतलं. अभंग एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेला तरी नाव त्याच्यासोबतच गेलं. पाटी वेगळी लावलीच नव्हती, मग ती काढणार कोण?

पेशवाईतल्या होनाजी बाळाचं नाव आपण एका दमात घेतो. पुष्कळांना वाटतं, हा एकच माणूस असावा. खरं तर ते दोघं होते. होनाजी शिलारखाने रचना करायचे आणि बाळा करंजकर ती गायचे. फड दोघांच्या नावानं चालला, म्हणून आज दोनशे वर्षांनंतरही लिहिणाऱ्याबरोबर गाणाऱ्याचं नाव आपोआप येतं. सगळ्यांच्याच वाट्याला हे आलं नाही. आपल्या बिलोलीतली जुनी दगडी मशीद सरफराज खानांच्या नावानं ओळखली जाते. तो दगड ज्यांनी घडवला त्या पाथरवटांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत.

आता सिनेमाकडे येऊ, कारण टीव्हीची पाटी तिथूनच आली. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत कोरोनेशन थिएटरात लागला. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंखेंनी लुगडं नेसलं, हे आपण ऐकलेलं असतं. पण पडद्याच्या मागे एक खरी बाई होती, ती म्हणजे दादासाहेबांची पत्नी सरस्वतीबाई. भांडवलासाठी त्यांनी दागिने दिले. कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडावी लागत. फिल्मला उजेड चालत नाही, म्हणून ते काम त्यांनी अंधारात केलं. चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड पात्रांच्या तोंडावर यावा म्हणून पांढरी चादर धरून त्या उभ्या राहिल्या. आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रोज केला, तो वेगळाच. आजच्या मालिकेच्या पाटीवर या कामांची चार खाती झाली असती: निर्मिती साहाय्य, फिल्म प्रक्रिया, प्रकाश, भोजनव्यवस्था. तेव्हा या सगळ्याला एकच नाव होतं, घरचं काम.

याच फाळक्यांनी १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक छोटा चित्रपटही केला. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. पडद्यामागचं जग पडद्यावर आणावं, ही कल्पना आपल्याकडे एवढी जुनी आहे. सरस्वतीबाई मात्र लोकांसमोर नीट यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या मराठी चित्रपटात विभावरी देशपांडे यांनी त्यांची भूमिका केली, तेव्हा कुठे घरोघरी कळलं की त्या फॅक्टरीत दोन माणसं राबत होती.

आता आपल्या रेडिओशी जवळची एक गोष्ट. १९४९ साली ‘महल’ नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यातलं एक गाणं घराघरात गेलं. तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. ही कामिनी म्हणजे मधुबालानं केलेलं पात्र! तेव्हा गाणाऱ्याऐवजी पात्राचं नाव छापण्याची पद्धत होती. गाणं रेडिओवर लागलं आणि श्रोते विचारू लागले, हा आवाज नक्की कुणाचा? शेवटी चौकशी करून रेडिओवरून नाव सांगण्यात आलं, लता मंगेशकर. श्रोत्यांनी विचारलं म्हणून नाव बाहेर आलं, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याच लताबाईंनी पुढे मराठी चित्रपटांना संगीत दिलं, तेव्हा ‘आनंदघन’ हे नाव घेऊन स्वतःचं नाव आपण होऊन झाकलं. ‘साधी माणसं’च्या संगीताला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या प्रेक्षकांत गप्प बसून होत्या. आनंदघन म्हणजे त्याच, हे तिथे दुसऱ्यांनीच सांगितलं. म्हणजे बघा, एकाच बाईचं नाव दोनदा झाकलं गेलं. एकदा रिवाजानं झाकलं, एकदा तिनं स्वतः झाकलं. दोन्ही सारखी नाहीत.

टीव्हीवाल्यांनी यातून आपली वाट काढली. अमेरिकेत १९८७ पासून ‘स्टार ट्रेक’ मालिकेचा नवा अवतार सुरू झाला. अंतराळात फिरणाऱ्या जहाजाची ती गोष्ट. त्या जहाजात एक पाटी लावलेली असे. जहाज कुणी बांधलं त्यांची नावं म्हणून तिच्यावर मालिका बनवणाऱ्यांचीच नावं बारीक अक्षरांत कोरली होती. त्या काळच्या टीव्हीवर ती वाचताच येत नसत. तरी कोरली. आपल्याकडे २००८ पासून चालू असलेली ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ घ्या. तारक मेहता हे ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात सदर लिहिणारे गुजराती लेखक. त्या सदरावर मालिका निघाली आणि लेखकच सोसायटीतला एक रहिवासी होऊन बसला. पाटी वाचली नाही तरी लेखकाचं नाव रोज कानावर पडणार!

गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्याही आठवतात. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं गेलं. पिढ्यान् पिढ्या ज्या ओवीला ‘बायका म्हणतात’ एवढीच ओळख होती, तिला म्हणणारी मिळाली. आणि आपल्या सीमेपलीकडे झहीराबादजवळ माचनूरला २००८ साली दलित शेतकरी बायकांनी संगम रेडिओ सुरू केला. तिथे आवाजही त्यांचा आणि यंत्रावरचे हातही त्यांचेच.

यंत्रावरचा हात म्हटलं की आम्हाला आमचीच चूक सांगावी लागते. आमच्या गटात एक जण ध्वनिमुद्रण करते. कुणाची खोकल्याची उबळ, मागून ओरडणारं लेकरू, कुत्र्याचं भुंकणं, सगळं ती रात्री बसून काढते. तुम्हाला आमचं बोलणं नीट ऐकू येतं ते तिच्यामुळे. पण पहिलं वर्षभर तिचं नाव आम्ही एकदाही घेतलं नाही. घरून निरोप होता, “सुनेचं नाव रेडिओवर कशाला माय?” आम्ही मान डोलावली.

तिचं नाव एका फुलाचं आहे. म्हणून मग आम्ही एक खेळ केला. कार्यक्रम संपताना ते फूल कुठेतरी आणायचं. कधी देवाच्या पूजेत, कधी कुणाच्या वेणीत, कधी अंगणात. आम्ही हसायचो, तीही यंत्रापाशी बसून हसायची. आम्हाला वाटलं, किती छान मान दिला! मग एकदा तिनंच विचारलं, “फुलाचा वास सगळ्यांना आला. काम कुणाला दिसलं का?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. दडवलेलं नाव गोड असतं, पण ते ओळखणाऱ्यांपुरतंच असतं. जिला आनंदघन व्हायचं असेल तिनं खुशाल व्हावं. जिला घरच्या किंवा गटाच्या रिवाजानं कामिनी करून ठेवलं आहे, तिचं नाव विचारायचं काम ऐकणाऱ्यांचं आहे. १९४९ च्या श्रोत्यांनी तेच केलं.

आम्ही तिच्या सासूबाईंना केंद्रावर बोलावलं. कानाला यंत्र लावून आधी कच्चं बोलणं ऐकवलं, मग सुनेनं साफ केलेलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “नाव घ्यायचं तर कामासकट घ्या. नुसतं नको.”

तेव्हापासून तसंच घेतो. आजच्या कार्यक्रमाच्या शेवटीही ते येईल. तेवढं ऐकून मग कुकर लावायला उठा.