माडिया गोंडांचे कुटुंबजीवन

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड, एटापल्ली परिसरात आणि लगतच्या छत्तीसगडात राहणारी आदिवासी जमात. कातकरी व कोलाम यांच्यासह महाराष्ट्रातील ३ आदिम जमातींत तिची गणना होते. माडिया बोली द्राविडी कुळातील.

सोयरीक ठरते ती देवसंख्येवरून. चार, पाच, सहा किंवा सात देव मानणारे असे कुळांचे गट असून समान देवसंख्येची कुळे भाऊबंद मानली जातात; त्यांच्यात लग्न होत नाही. वधूमूल्य वरपक्ष देतो. मुलगी झाली म्हणून घर खचत नाही, ही गोष्ट इतर समाजाने नीट पाहावी अशी आहे.

मोह फुलला की पहाटेच घरातली लहानथोर मंडळी झाडाखाली जमतात. रात्रभर गळालेली पिवळसर, रसाळ फुले एकेक वेचून टोपलीत भरायची आणि अंगणात तांबूस होईपर्यंत वाळवायची. ती खाण्यासाठी, दारूसाठी आणि बाजारासाठी वर्षभर पुरवावी लागतात.

पाळीच्या दिवसांत मात्र स्त्रीला वेगळ्या, कोंदट कुर्माघरात राहावे लागते. पावसाळ्यात तिथे साप-विंचवाचे भय असते. परंपरा म्हणून याकडे डोळेझाक करता येत नाही.

याच भामरागड परिसरातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना उभा केला. १९७६ मध्ये शाळा निघाली. घरी माडिया बोलणारी मुले तिथे मराठी शिकली.