नावे बाजूची नावे

जमाखर्चाच्या भाषेत 'नावे' म्हणजे जमेच्या उलट बाजू. पैसे गेले की ते नावे पडतात. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला सरांनी हे समजावून सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं होतं, "पण सर, कोणाच्या नावे?" सरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं. बँकेच्या काउंटरमागे वीस-एक वर्षं काढल्यावर मला आता वाटतं, की त्या मुलाचा प्रश्न अगदी रास्त होता. रोज चार माणसं माझ्यासमोर पासबुक उघडून धरतात आणि नेमकं हेच विचारतात. पैसे गेले, हे त्यांना दिसत असतं. पण कोणाच्या नावे?

माझं उत्तर ठरलेलं असायचं. "घरी विचारा. वाण्याचे असतील." बहुतेक वेळा ते खरं निघायचं आणि मी पुढच्या टोकनकडे वळायचो.

आता दुसऱ्यांची पासबुकं छापून देणाऱ्या माणसाचं स्वतःचं पासबुक कसं असावं? माझं आणि आईचं जॉइंट खातं आठ महिने यंत्राखाली गेलेलंच नव्हतं. एका शनिवारी कामाची गर्दी ओसरल्यावर मी ते छापून घेतलं आणि घरी येऊन चष्मा लावून वाचायला बसलो. दर महिन्याला एक ओळ अशी होती, की जिचा माझ्या घराशी काही संबंध नव्हता. आधी 'यूपीआय', मग बारा आकडे, मग कुठल्याशा दुकानाचं अर्धवट नाव, 'सुपर स्टो' असं शेपूट तुटलेलं, आणि त्यापुढे नुसतंच 'बोरि'. रक्कम कधी १,२४० रुपये, कधी १,१८५.

"बोरीबंदर असेल," बायको म्हणाली.

"बोरिवली असेल," मी म्हणालो.

दोन्ही सारखंच अशक्य होतं. आम्ही मुलुंडला राहतो. मुलुंडचा माणूस किराणा आणायला बोरिवलीला जात नाही. तो बोरिवलीला लग्नालासुद्धा विचार करून जातो.

"अहो, पण तुम्ही बँकेतच आहात ना? मग तुम्हाला कसं कळत नाही?" बायकोने विचारलं. या प्रश्नाला बँकेच्या कुठल्याही परिपत्रकात उत्तर नाही.

असं कधीपासून व्हायला लागलं, हे बघायचं तर जरा मागे जावं लागेल. माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, आमच्या चाळीखाली एका कच्छी वाण्याचं दुकान होतं. दुकानाला पाटी होती, पण ती वाचल्याचं कोणाला आठवत नाही. तो शेठ आणि ते वाण्याचं दुकान, एवढी ओळख पुरे होती. त्याची लाल कापडी बांधणीची लांबोडकी वही असे. तिची लक्ष्मीपूजनाला पूजा व्हायची आणि उरलेलं वर्षभर तिच्यात आमची नावं पडायची. नावं म्हणजे 'पहिला माळा, मास्तर' अशी, डोक्यावर रेघ नसलेल्या गुजराती अक्षरांत. एक तारखेला पगार झाला की बाबा खाली जाऊन हिशेब पडताळायचे. तूरडाळ, गूळ, रॉकेल, सगळं जुळायचं. एका ओळीपाशी मात्र ते दर महिन्याला अडायचे. तिथे लिहिलेलं असे, 'परचुरण'.

"हे काय, शेठ?"

"एवढं तेवढं, मास्तर," शेठ म्हणायचा. आणि नेमकी तेवढ्यात वरून आईची हाक यायची, की चहा निवतोय.

शेठला रस नव्हता असं एकच पुस्तक आमच्या घरात होतं, ते म्हणजे रेशनकार्ड. मुंबईत रेशनिंग आलं १९४३ साली, महायुद्धाच्या टंचाईत, आणि तेव्हापासून घरात माणसं किती आणि ती साखर किती खातात याचा हिशेब सरकारही ठेवू लागलं. १९४८ साली नायगावात गिरणी कामगारांच्या वस्तीत अपना बाजार सुरू झाला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. दहा-बारा कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी द्यायची, आणि सामान एकाच्या घरी येऊन पडलं, की सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचं. उपनगरांतल्या कित्येक दिवाणखान्यांनी ही वाटपं पाहिली आहेत. या सगळ्या प्रकारांत भाव बदलले, पावत्या आल्या, ग्राहकाला हक्क मिळाले. पण पैसे कोणाला दिले, हा प्रश्न कोणाला पडला नाही. तो माणूस समोरच उभा असायचा.

या काळात बँक काय करत होती? १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि मध्यमवर्गीयाच्या कपाटात हळूहळू पासबुक आलं. हातानं लिहिलेलं, निळ्या शाईचं. त्यात महिन्याला जेमतेम चार ओळी. पगार जमा, रोख नावे, पुन्हा रोख नावे, विम्याचा हप्ता. १९८७ साली हाँगकाँग बँकेने अंधेरीला देशातलं पहिलं एटीएम बसवलं, तेव्हा रोख देणारा माणूस गेला आणि यंत्र आलं, पण ओळ तीच राहिली, रोख नावे. त्या पाचशे रुपयांचं पुढे तेल झालं की तूप, हे बँकेला ठाऊक नव्हतं. ते वाण्याच्या वहीत असायचं. थोडक्यात, दुकानदाराच्या वहीत आमची नावं होती आणि आमच्या पासबुकात त्याचं नाव नव्हतं.

पुढे हे उलटं झालं. १९९९ च्या सुमारास राधाकिशन दमाणी यांनी नेरुळला अपना बाजारची एक शाखा चालवायला घेतली, तिथे किराण्याचा धंदा जवळून पाहिला आणि २००२ साली पवईत डी-मार्टचं पहिलं दुकान काढलं. माणसं कार्डावर किराणा घेऊ लागली आणि आयुष्यात पहिल्यांदा वाण्याचं नाव बँकेच्या कागदावर उमटू लागलं. पण कुठलं नाव? पाटीवर डी-मार्ट, तर कागदावर अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स, कारण कंपनीचं नाव ते आहे. बिगबास्केटची पिशवी घरी येते आणि कागदावर इनोव्हेटिव्ह रिटेल कन्सेप्ट्स येतं. झेप्टोच्या कंपनीचं नाव २०२५ पर्यंत किराणाकार्ट टेक्नॉलॉजीज होतं. ते निदान नावात किराणा ठेवून होते म्हणायचं. जन्मनाव एक आणि घरी हाक मारायचं नाव दुसरं, हे आपल्याकडे माणसांचं जुनंच आहे. ते आता दुकानांचंही झालं. त्यातून कार्डाच्या यंत्रणेत दुकानाच्या नावाला जागा साधारण पंचवीस अक्षरांची. उरलेलं नाव रेल्वेच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसासारखं बाहेर.

११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय आलं, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि बघता बघता कोथिंबीरवाल्या मावशींपुढेही चौकोनी ठिपक्यांचा पुठ्ठा उभा राहिला. आता पुठ्ठा ज्याच्या खात्याचा, नाव त्याचं. दुकान बापाचं, पण खातं मुलाचं किंवा सुनेचं. ज्याच्याकडून तुम्ही पंधरा वर्षं खोबरं घेता, तो पासबुकात तुम्हाला संपूर्ण अनोळखी माणूस म्हणून भेटतो.

रिझर्व्ह बँकेलाही हे उमगलं होतं. २०१७ च्या जूनमध्ये तिने बँकांना बजावलं, की पासबुकात गूढ नोंदी करू नका, ग्राहकाला समजेल असा थोडक्यात तपशील लिहा. त्यानंतर आम्ही जो तपशील लिहू लागलो, तो आम्हाला समजतो. त्याच वर्षी ६ जुलैला दुसरं परिपत्रक आलं. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा तऱ्हेनं खात्यातून पैसे गेले, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमचं काही जाणार नाही. उशीर कराल तशी तुमची जबाबदारी वाढेल. हे तीन दिवसांचं प्रवचन मी काउंटरवरून किती जणांना दिलंय, याची गणती नाही. आणि माझी स्वतःची ओळ आठ महिने जुनी!

निदान तारखा तरी नीट पाहाव्यात म्हणून मी त्या बारा आकड्यांकडे वळलो. तुम्हालाही सांगून ठेवतो, कधीतरी उपयोगी पडेल. त्यातला पहिला आकडा सहसा सालाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ५०३८ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे २०२५ सालचा अडतिसावा दिवस, ७ फेब्रुवारी. पंचांगाहून सोपं आहे. माझ्या सगळ्या ओळी सात तारखेच्या निघाल्या. चोर एवढा नियमित असेल तर त्याला आमच्या बँकेत घ्यायला हवं, असं मनात आलं. पण कर्तव्य ते कर्तव्य. मी फोन केला आणि खात्याचं यूपीआय बंद करून टाकलं. एसएमएस आईच्या मोबाइलवर गेला. ती ते वाचत नाही.

दुसरा दिवस रविवार, सात तारीख. सकाळी आतल्या खोलीतून आई आणि माझी मुलगी यांची कुजबुज ऐकू आली. मग मुलगी बाहेर आली.

"बाबा, आजीचं पेमेंट होत नाहीये."

"कसलं पेमेंट?"

मुलगी आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, "बोरिवलीला माझी सख्खी बहीण राहते, हे आठवतंय का तुला?"

आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी काका गेले, तेव्हा गेलो होतो. मावशी एकटीच राहते. काकांची नोकरी खाजगी होती, तेव्हा पेन्शन नाही. आईनं एकदा पाकीट दिलं होतं, ते मावशीनं जिन्यावरूनच परत केलं होतं. तेव्हा आईनं मावशीच्या इमारतीखालच्या दुकानदाराला फोन केला. तो दर महिन्याला तांदूळ, डाळ, तेल, चहा-साखर वर पाठवतो आणि मावशीला सांगतो, की काका आगाऊ पैसे ठेवायचे, त्यांची जमा अजून शिल्लक आहे. मावशीला ते पटलं. काका तसे व्यवस्थितच होते. पैसे इकडून आई पाठवते, बटणं नात दाबते.

"आणि काल तू काय केलंस?" आईनं विचारलं.

म्हणजे काकांची जमा मी एका फोनवर संपवली होती.

मी आईकडून नंबर घेऊन दुकानदाराला फोन केला. अडचण सांगितली, उद्या बँकेत गेलो की पैसे पाठवतो म्हणालो. तो हसला. "सामान तर सकाळीच वर गेलं, साहेब. घाई नको करू. मी वहीत लिहून ठेवतो."

अजून वही आहे तर!

सोमवारी मी यूपीआय सुरू करून घेतलं आणि पहिले पैसे तिकडे पाठवले. मेलेल्या माणसाच्या नावे न ठेवलेली जमा दाखवायची आणि ती दर महिन्याला वळती करायची, ही नोंद कुठल्याही ऑडिटरला दाखवली तर तो लाल शाईची बाटली उपडी करेल. मी मात्र पासबुकात त्या आठही ओळींपुढे पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला, 'परचुरण'. लिहिता लिहिता बाबांची एक तारीख आठवली. मी आईला विचारलं, की चाळीत असताना शेठच्या वहीतलं ते परचुरण कोणाकडे जायचं?

"चहा निवतोय," आई म्हणाली.

काउंटरवर मी आता "वाण्याचे असतील" असं म्हणत नाही. तीन दिवसांचं प्रवचन देतो, तक्रारीचा फॉर्म पुढे करतो आणि वर एवढंच सांगतो, की फॉर्म भरायच्या आधी एकदा आईला फोन करा.