वॉल्श, जेम्स एडवर्ड
(३० एप्रिल १८९१–२९ जुलै १९८१). चीनमध्ये कार्य केलेले अमेरिकन कॅथलिक मिशनरी बिशप. जन्म मेरिलँड राज्यातील कंबरलंड येथे. एमिट्सबर्गच्या माउंट सेंट मेरीज कॉलेजातून १९१० साली पदवी मिळवल्यावर त्यांनी पोलाद कारखान्यात हजेरीनोंदीचे काम केले. मेरीनोल हा परदेशी मिशनकार्यासाठीचा संघ नुकताच निघाला होता. त्यात १९१२ साली ते दाखल झाले. १९१५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १९१८ साली संघाच्या पहिल्या चौघांच्या तुकडीतून ते दक्षिण चीनला रवाना झाले. तुकडीचे प्रमुख फादर प्राइस वर्षभरातच वारले आणि विशीतल्या वॉल्श यांच्यावर सगळा भार आला.

१९२७ मध्ये काँगमूनचे (आजचे जियांगमेन) बिशप म्हणून त्यांचा अभिषेक झाला तो शांगच्वान बेटावर. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ साली याच बेटावर निवर्तले. त्यांचे शव पुढे जुन्या गोव्यात आणले गेले. १९३६ ते १९४६ या काळात वॉल्श संघाचे प्रमुख होते. याच कारकिर्दीतला एक प्रसंग त्यांच्या एरवीच्या आयुष्याशी फारसा जुळत नाही. १९४० च्या अखेरीस सहकारी फादर ड्राउट यांच्यासह ते टोकिओला गेले, परराष्ट्रमंत्री मात्सुओका यांना भेटले आणि जपानी बाजूच्या तडजोडीच्या इच्छेचा निरोप अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचवला. हेतू भला असला, तरी दोन सरकारांमधली ही खाजगी मध्यस्थी भाबडी होती, असेच म्हणावे लागते. पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला टळला नाही.

१९४८ साली ते शांघायमध्ये कॅथलिक मध्यवर्ती कार्यालय चालवण्यासाठी परतले. १९५१ मध्ये साम्यवादी सरकारने ते बंद पाडले. विदेशी मिशनरी एकामागून एक देशाबाहेर जात होते. हाकलून दिल्याशिवाय आपण होऊन जायचे नाही, ही वॉल्श यांची भूमिका मात्र ठाम राहिली. तिची किंमत त्यांना ठाऊक होती: १९१८ च्या तुकडीतले त्यांचे सोबती बिशप फोर्ड १९५२ साली कँटनच्या तुरुंगात मरण पावले होते. ऑक्टोबर १९५८ मध्ये वॉल्श यांना अटक झाली आणि मार्च १९६० मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून २० वर्षांची शिक्षा. त्याच वर्षी त्यांचे भाऊ विल्यम, मेरिलँडचे माजी अ‍ॅटर्नी जनरल, यांना त्यांची भेट घेऊ दिली गेली.

१० जुलै १९७० रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, अनपेक्षितपणे सुटका होऊन ते सीमेवरचा लो वूचा पूल ओलांडून हाँगकाँगला आले. चिनी लोकांविषयी मनात कटुता नसल्याचे त्यांनी सांगितले. न्यूयॉर्क राज्यातील मेरीनोल येथे त्यांचे निधन झाले. चीनमधील सहकारी डॅनियल मॅक्शेन यांचे चरित्र (१९३२) हे त्यांच्या ग्रंथांपैकी एक होय.